नाव नसलेल्या पस्तीस जणी

आपल्याकडच्या गर्भपाताच्या कायद्याखाली जे विनियम आहेत, त्यांत एका पाकिटाचे वर्णन येते. डॉक्टरने आपले मत लिहिलेला कागद आणि बाईने सही केलेले संमतिपत्र या पाकिटात घालायचे, ते सीलबंद करायचे आणि त्यावर 'गुप्त' असे लिहायचे. बाईचे नाव लिहायचे नाही, नोंदवहीतला तिचा क्रमांक लिहायचा. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर, पुढच्या तपासणीचे कार्ड, यांपैकी कशावरही तिचे नाव येता कामा नये. सगळीकडे तोच क्रमांक. नाव असते ते फक्त एका वहीत, आणि ती वही रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात. कायद्याने अधिकार दिल्याशिवाय ती कोणी उघडायची नाही. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी ती नष्ट करायची, बाकीचे कागद तीन वर्षांनी. नोकरी करणाऱ्या बाईला रजेसाठी दाखला लागला तर डॉक्टरने द्यावा, पण मालकाने ती गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगू नये, इथपर्यंत या विनियमांचा विचार पोचला आहे.

पोटासाठी मी बरेच सरकारी कागद मराठीत आणले आहेत. सरकारी कागदाचा स्वभाव माहिती तीन प्रतींत मागण्याचा असतो. इतका संकोच मी दुसऱ्या कुठल्या कागदात पाहिलेला नाही.

त्याच रुग्णालयात, बहुधा त्याच मजल्यावर, सोनोग्राफीची खोली असते. तिथे दुसरा कागद भरला जातो. डॉक्टर मंडळी त्याला 'एफ फॉर्म' म्हणतात. त्यात बाईचे पूर्ण नाव, वय, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, पत्ता, फोन नंबर, कोणी पाठवले, शेवटची पाळी कधी आली, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, हे सगळे लिहायचे असते. २०१४च्या दुरुस्तीपासून प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे वयही. शेवटी एक प्रतिज्ञापन: मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. खाली सही किंवा अंगठा. या सगळ्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जातो.

एक कागद नाव लपवतो, दुसरा सगळेच विचारतो. दोन्ही कागद एकाच राज्यव्यवस्थेचे, एकाच बाईसाठी. हे कसे झाले याचा माग काढत गेले तेव्हा एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले.

जोतीराव फुले यांनी १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर सरकारला इंग्रजीतून आपले मत कळवले. सक्तीच्या वैधव्याबद्दल लिहिताना त्यांनी एक हकीकत सांगितली आहे. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. औषधे घेऊन झाली, उपाय चालला नाही. मूल झाले, तिने ते मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. खटला झाला, जन्मठेप होऊन ती अंदमानला गेली. हे १८६३ सालचे. त्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी विधवांच्या बाळंतपणाची सोय केली आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील नोटिसा चिकटवल्या. नोटिशीचा आशय सर्वांना माहीत आहे: इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर.

त्याच टिपणात जोतीराव आकडा देतात. तेव्हापर्यंत पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. मुले जगली ती पाच. बाकीची तीस आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी गेली, असे त्यांचे म्हणणे.

मी या पस्तीस आकड्यापाशी फार वेळ थांबले. काशीबाईचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण ती पकडली गेली. तिच्यावर कागद तयार झाले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मीचे नाव अख्ख्या हिंदुस्थानला कळले ते ह्याच कारणाने: विधवा, बाळाच्या हत्येचा खटला, फाशीची शिक्षा, मग अपिलात काळे पाणी. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्याची जी चिरफाड चालली होती, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुढच्या वर्षी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. आधुनिक मराठी गद्यातले एक फार धारदार पुस्तक एका बाईचे नाव चव्हाट्यावर आल्यामुळे जन्मले, ही गोष्ट मला कधी अभिमानाची वाटते आणि कधी नाही. जोतीरावांच्या घरी आलेल्या पस्तीस जणींमधल्या बहुतेकींची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. यशवंतच्या आईसारखा अपवाद सोडला, तर त्या आल्या आणि गेल्या. नोटिशीने दिलेला शब्द पाळला गेला, याचा याहून मोठा पुरावा इतिहासाला देता येणार नाही.

इथे काळाचा संदर्भ ध्यानात घ्यायला हवा. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली होती. गर्भपात हा गुन्हा, आणि स्वतः बाईसुद्धा त्यात गुन्हेगार. मेलेले मूल गुपचूप पुरून जन्म लपवणे हाही गुन्हा. म्हणजे कायदा लपवण्याला शिक्षा देत होता, त्याच वेळी पुण्यातले एक जोडपे लपायला जागा देत होते.

सरकारची वाट दुसरी होती, आणि तीही मुले वाचवण्याचीच होती हे विसरू नये. मी राहते त्या बडोद्यात कर्नल अलेक्झांडर वॉकर हा कंपनीचा रेसिडेंट होता. काठेवाडातल्या जाडेजा राजपुतांमध्ये मुली मारण्याची चाल होती. ती सोडतो असे करार त्याने १८०८ साली त्यांच्याकडून लिहून घेतले. करार झाले तरी मुली काही दिसेनात. मग शिरगणती आली, खबऱ्यांना बक्षिसे आली. १८७०च्या आठव्या कायद्याने वायव्य प्रांत, पंजाब आणि अयोध्येत ही पद्धत पक्की केली. ज्या कुळांवर संशय, त्यांच्या जन्म-मृत्यू-विवाहांच्या वह्या, पाळतीसाठी जादा पोलीस आणि त्यांचा खर्च त्याच लोकांवर. बाळंतपण झाले की चौकीदाराने आणि सुईणीने वर्दी द्यायची. जी बाई नाळ कापायला घरात येते तिलाच सरकारची बातमीदार करण्याची ही कल्पना आहे. पुढे मशीन आल्यावर ती पुन्हा भेटते.

पुण्यातली नोटीस आणि वायव्य प्रांतातली वही, या दोन तऱ्हा मला नंतरच्या कायद्यांतही दिसतात. एकीचे म्हणणे, विचारू नका म्हणजे बाई येईल. दुसरीचे म्हणणे, लिहून ठेवा म्हणजे मूल वाचेल.

१९६४ साली केंद्राने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शाह, तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६६ अखेरीस अहवाल आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बाया मरतात, हा त्यामागचा प्रमुख विचार. त्या चोरून जातात कारण बभ्रा होईल याची भीती असते. मग त्यांना इस्पितळात आणायचे तर आधी ती भीती काढायला हवी. म्हणून ते पाकीट. या कायद्याने बाईला हक्क दिला नाही; निर्णय शेवटी डॉक्टरच्या मतावर ठेवला. तरीही गुप्तता मात्र मनापासून दिली. लोकसंख्येची चिंता त्यात होतीच, पण पाकीट ज्याने कोणी सुचवले त्याला बायकांची भीती कळत होती असे मी धरून चालते.

चारच वर्षांत त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळण्याआधीच सरकार गेले, म्हणून तो कायदा अमलात आला नाही. देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्या काळात नसबंदीचा दाखला हा शिधापत्रिकेसारखा जवळ बाळगायचा कागद झाला होता. आणीबाणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. एवढेच की आपले मूत्रमार्ग-गर्भमार्ग हे कारकुनाला दाखवायची गोष्ट आहेत, याची सवय तेव्हा पुरुषांनाही लागली.

एफ फॉर्मचा जन्म सरकारी आडमुठेपणातून झाला असता तर हा लेख सोपा झाला असता. तसे नाही. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध जे मंच उभे राहिले ते स्त्री चळवळीतल्या बायकांचे होते. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला, तो १९९६ पासून लागू झाला. तरी मशीन गावोगाव पोचले. २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ९२७, आणि शाहू महाराजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. या आकड्यासमोर खाजगीपणाची गोष्ट काढणारा माणूस तेव्हा कोणालाही डॉक्टरांचा वकील वाटला असता. २००३ साली कायदा कडक झाला. एफ फॉर्ममध्ये उणीव राहिली तर ती गर्भलिंगचिकित्सेचाच गुन्हा मानली जाते, तसे नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा उचलून धरले.

कोल्हापूरने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथले जिल्हाधिकारी होते लक्ष्मीकांत देशमुख. मराठी वाचकांना ते कथा-कादंबरीकार म्हणून माहीत आहेत. स्त्रीभ्रूणहत्येवरच्या कथांचे 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हे पुस्तक त्यांचेच, आणि २०१८ साली इथे बडोद्यात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. त्यांच्या कारकिर्दीत जिल्ह्यातल्या सोनोग्राफी मशीनना एक यंत्र जोडले गेले. प्रत्येक तपासणीच्या पडद्यावर जे दिसते ते त्यात साठते. सोबत एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा. यंत्राचे नाव 'सायलेंट ऑब्झर्व्हर'. मराठी वर्तमानपत्रांनी ते तसेच ठेवले, आणि बरे केले. 'मूक निरीक्षक' म्हटले असते तर अधिक घरगुती वाटले असते, म्हणजे ती वर्दी देणारी सुईण. यंत्र मूक असते ते बाईपुरते.

रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. म्हणणे असे की यामुळे रुग्ण बाईच्या खाजगीपणाचा भंग होतो. २६ ऑगस्ट २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. चित्रे ऑनलाइन कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, यंत्रातच राहतात, पुरेशी काळजी घेतलेली आहे आणि घटत्या लिंगगुणोत्तराचा प्रश्न पाहता खाजगीपणाचा हक्क निरपवाद नाही, असा निकालाचा रोख. निकालाशी भांडायची माझी इच्छा नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. पोट बाईचे, चित्र तिच्या गर्भाचे. एका बाजूला जिल्हाधिकारी, दुसऱ्या बाजूला मशीनचे मालक. जिच्याबद्दल बोलणे चालले होते ती त्या याचिकेत नव्हती. डॉक्टरांचा हेतू स्वतःची मान सोडवण्याचा असेलही. पण हेतू खोटा असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

२०११च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. याचे श्रेय त्या यंत्राला देण्याची पद्धत पडली आहे, पण ती गणना २०११च्या सुरुवातीला झाली आणि त्यात आधीच्या सहा वर्षांत जन्मलेली मुले मोजली गेली. त्यातली बरीचशी मशीनला यंत्र लागण्याआधीची.

याच कायद्यात एक कलम आहे, चोविसावे. बाईची गर्भलिंगचिकित्सा झाली असेल तर तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकाने भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. कलम दयाळू आहे, आणि बहुतेक वेळा खरेही असेल. पण एफ फॉर्मवर तिच्याकडून लिहून घेतले जाते की लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही. कोर्टात तिला इच्छा नसते, फॉर्मवर असते.

हे प्रतिज्ञापन काही वर्षांपूर्वी मला प्रत्यक्ष हाताळावे लागले. सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या बायकांसाठी रुग्णालयातले कागद समजावून सांगणारी पुस्तिका एका संस्थेला हवी होती. मी अडले ती 'प्रायव्हसी' या शब्दावर. 'खाजगीपणा' मला मालकीचा शब्द वाटतो, रस्त्यावरच्या पाटीसारखा. 'एकांत' नवराबायकोचा. 'निजता' हिंदीतून आलेला, अजून पाहुणा. 'गोपनीय' हे सरकारचे स्वतःबद्दलचे विशेषण आहे. फाइल गोपनीय असते, बाई नसते. शेवटी मसुदा वाचून दाखवला तेव्हा समोरच्या एका बाईने मला विचारले, "ताई, नाव कुठं कुठं जाईल, तेवढं सांगा ना." पुस्तिकेतल्या त्या भागाचे शीर्षक मी तेच केले: 'तुमचे नाव कुठे कुठे जाते'. आणि मग ते खरोखर लिहायला बसले.

तेव्हा लक्षात आले की पाकीट आणि फॉर्म वेगवेगळ्या वाटांनी जात नाहीत. गर्भपातापूर्वी किती आठवडे झाले हे पाहायला डॉक्टर सहसा सोनोग्राफी करतात. सोनोग्राफी म्हटली की एफ फॉर्म. म्हणजे जिच्या पाकिटावर फक्त क्रमांक आहे, तिचे नाव, पत्ता, फोन, गर्भाचे आठवडे आणि घरी दोन मुली आहेत ही माहिती आधीच दुसऱ्या दाराने जिल्ह्याच्या कार्यालयाकडे निघालेली असते. दोन मुली असलेली, चौदा आठवड्यांची, गर्भपातासाठी आलेली बाई: कायद्याने तिला गर्भपाताची मुभा आहे, आणि त्याच कायद्याच्या शेजाऱ्याच्या नजरेत ती संशयित आहे. २०१२ साली परळीतल्या एका रुग्णालयात गर्भवतीचा मृत्यू झाल्यावर राज्यभर तपासण्या सुरू झाल्या, तेव्हापासून अशा बाईला 'आमच्याकडे होत नाही' असे सांगणारे डॉक्टर मला भेटले आहेत. कोणी कायद्याविरुद्ध वागत नाही, फक्त नको त्या कागदात नाव नको. मग ती कुठे जाते? २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. तेही एका बाईच्या मृत्यूचा तपास करताना. वह्या तपासताना नाही.

वहीचा मोह मात्र सुटत नाही. २००९ अखेरीस केंद्राने प्रत्येक गर्भवतीची नावानिशी नोंद ठेवणारी संगणक यंत्रणा सुरू केली, लस आणि बाळंतपणाच्या सोयीसाठी, आणि त्या सोयीचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. २०१६ साली तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी सुचवले की गर्भलिंगचिकित्सेवरची बंदीच उठवावी, उलट प्रत्येक गर्भाचे लिंग सक्तीने तपासून नोंदवावे आणि बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावे. सूचना पुढे गेली नाही. पण १८७०च्या कायद्याच्या शेजारी ठेवून वाचली तर ती अगदी परिचित वाटते. फक्त जाडेजांची शिरगणती आता गर्भातच उरकायची होती.

नोटिशीची तऱ्हा अगदीच संपली असेही नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात मूल होऊ देण्या-न देण्याचा निर्णयही धरला. २०२१ साली गर्भपाताच्या कायद्यात नवे कलम आले: बाईचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, अपवाद, कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालाने अविवाहित बायकांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतची सोय लागू केली आणि त्याच निकालात अठरा वर्षांखालच्या मुलींचाही विचार झाला. अशी मुलगी आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, आणि त्या धास्तीने मुली येतच नाहीत. न्यायालयाने म्हटले की कळवावे, पण मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने तिचे नाव देण्याची गरज नाही. पुण्यातल्या नोटिशीच्या इतक्या जवळ आपला कायदा याआधी आला नव्हता.

गर्भ किती आठवड्यांचा आहे हे पाहायला त्या मुलीचीही सोनोग्राफी होते. तिथल्या फॉर्मवर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता असतो, आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तो अहवाल पोचलेला असतो.